झमझम: पेण ते रोहा, धरमतरमार्गे

हजहून परत आलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. गर्दी फार होती का, आणि पाणी किती आणलं. पहिल्याचं उत्तर मी कितीही रंगवून सांगितलं तरी ऐकणाऱ्याची नजर आपली कोपऱ्यातल्या पांढऱ्या कॅनवर. मैत्रिणींनी आग्रह धरला, सकिना, तू जन्मभर मराठी शिकवलंस, आता तिकडचं सगळं लिहून काढ. मी दोनदा बसले लिहायला. दोन्ही वेळा मक्का दोन पानांत आटोपली आणि पुढचा पेण ते रोहा हा रस्ताच कागदावर यायला लागला. एस.टी.नं दोन-अडीच तासांचा तो रस्ता, मी हजारदा केलेला. शेवटी म्हटलं, यायचं तर येऊ दे.

पण आधी ते पाणी काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हजरत इब्राहिमांनी अल्लाच्या हुकुमावरून बीबी हाजरा आणि तिचं तान्हं पोर इस्माईल यांना एका उजाड खोऱ्यात ठेवलं. कातडी मशकीतलं पाणी संपलं. पोर तहानेनं रडायला लागलं. हाजरा एका टेकडीवर चढली, कोणी दिसतंय का पाहिलं, उतरली, समोरच्या टेकडीकडे धावली. असं सात वेळा. आणि परत येऊन बघते तर पोराच्या टाचेपाशी पाणी उसळलेलं. तेच झमझम. हजला जाणारे आम्ही सगळे अजून त्या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतो. माझे गुडघे चौथ्या फेरीलाच बोलायला लागले होते. मनात आलं, मी चपला-मोजे सांभाळत, वर छप्पर, खाली फरशी अशी चालतेय, आणि ती बाई उन्हात, मागं रडणारं पोर ठेवून धावली.

आम्ही गेलो त्या काळी झमझम प्यायला पायऱ्या उतरून खाली जावं लागे. बायकांचे नळ वेगळे. माझ्यापुढे एक उंच, काळीसावळी आफ्रिकेतली बाई होती. तिनं पेला भरला आणि स्वतः प्यायच्या आधी मागं वळून माझ्या हातात दिला. भाषा काही कळली नाही, पण हात कळला. काबेकडे तोंड करून, बिस्मिल्ला म्हणून, तीन दमांत प्यायचं असतं. मी प्यायले. खरं सांगू? पहिल्या घोटाला माझा हिरमोडच झाला. मला वाटलं होतं, गोड असेल. ते जड होतं, किंचित खारट. दुसऱ्या घोटाला मात्र काय झालं कोण जाणे, मी त्या पायऱ्यांवर उभी राहून हमसून रडले. आमच्यात मानतात, की हे पाणी ज्या नियतनं, म्हणजे मनात जी इच्छा धरून प्यावं, त्याला ते लागू पडतं. माझी नियत एकच होती, खालापर्यंत हे नीट पोचू दे.

पेण

खाला म्हणजे माझी मावशी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, तिथून पुढं खालानंच वाढवलं, रोह्याला. तिला स्वतःला हज घडला नाही. आधी संसार, मग आजारपणं, आणि सगळं जुळून आलं तेव्हा पाय गेले. मी निघताना ती म्हणाली होती, "माझ्यासाठी खजूर नको, तसबीची माळ नको. कफन तिथल्या पाण्यात भिजवून आण. आणि शेवटच्या घोटाला झमझम आण. तेवढं कर."

कफनाचं काम मी मक्केतच केलं. आमच्या मुक्कामाच्या गच्चीवर दुपारी बघावं तर दोऱ्यांवर नुसती पांढरी कापडं, कोणाची बंगालची, कोणाची तुर्कस्तानची, आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांची. अदलाबदल होऊ नये म्हणून मी खालाच्या कापडाच्या कोपऱ्याला हिरव्या दोऱ्याचा टाका घातला होता.

पाण्याचं मात्र पेणला पोचल्या पोचल्या अवघड झालं. दहा लिटरचा कॅन आणि अख्खी गल्ली. आमचे हे तिकडून आणलेला खोकला घेऊन आडवे झालेले, त्यामुळे वाटप माझ्या एकटीकडे. औषधाच्या बाटल्या धुवून धुवून त्यात पाणी भरत होते. कोणाची सून बाळंत व्हायची होती, कोणाच्या पोराची नोकरी लागत नव्हती. शेजारच्या सुमनताईंचा पापडांचा धंदा. त्या म्हणाल्या, "मला दोन चमचेच द्या, पिठात टाकते. उन्हाळ्याचं काम आहे, पापड चिरताहेत." मी हसले, पण दिले. नियत नियत असते.

तिसऱ्या दिवशी चारेक लिटर उरलं. ते मी एका लहान कॅनमध्ये ओतलं आणि घरात बजावलं, हे खालाचं, याला कोणी हात लावायचा नाही. त्याच संध्याकाळी रोह्याहून रजियाचा फोन आला. रजिया म्हणजे खालाची सून. म्हणाली, "अम्मांनी जेवण सोडलंय. डॉक्टर म्हणतात आठवडा जाईल. तुमची वाट बघतात, सारखं विचारतात."

मी सकाळी निघाले. सरळ रोह्याला जायचं सोडून आधी धरमतरला का वळले, ते सांगते. हजला जाण्याआधी आम्ही सगळ्यांकडे जाऊन माफी मागतो. कळत-नकळत काही बोललो असू, दुखवलं असेल, तर माफ करा, मगच अल्लाच्या घरी जायचं. मी सगळ्यांकडे गेले होते, एका हिराबायकडे तेवढं राहिलं होतं. ते मनाला लागून होतं. धरमतर आडवाटेला नाही, वडखळहून जवळच. म्हटलं, दुपारपुरती टेकते आणि संध्याकाळच्या आत रोहा गाठते.

धरमतर

नोकरीची पहिली अकरा वर्षं मी या खाडीकाठच्या शाळेत होते आणि हिराबायच्या पडवीत राहत होते. आगरी घर, पुढं मिठागर, मागं खाजणातल्या खाऱ्या जमिनीतली भातशेती. खाडीचं पाणी तुंबलं की सगळीकडे पाणीच पाणी, आणि प्यायला थेंब नाही. टँकर आला तर आला. म्हणून मी दर सोमवारी पेणहून येताना गोड्या पाण्याचा एक कॅन आणायची आणि पडवीतल्या हंड्याशेजारी ठेवायची. तो कोणाला विचारून ओतायचा नसे. ज्याच्या हाताला लागेल त्यानं हंड्यात ओतावा, पोराटोरांना एकेक पेला द्यावा.

"आयलीस गो बाय? कवाची वाट बगताव आमी," हिराबायनं दारातच माझे दोन्ही हात धरले. सत्तरीला आली तरी पाठ ताठ. तिचे यजमान मंगळदादा मिठागरावरून नुकतेच आले होते, पायांना मिठाचा पांढरा थर. जेवायला तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि वालाचं बिरडं. मक्केत चाळीस दिवस बिर्याणी आणि कोंबडी खाऊन माझी जीभ विटली होती, ती त्या जवळ्यानं जागेवर आली. तीन भाकऱ्या झाल्या. चौथी हिराबायनं न विचारता वाढली.

जेवताना मी हाजराची गोष्ट सांगितली. पाणी उसळलं तेव्हा ते वाळूत वाहून जाऊ नये म्हणून तिनं दोन्ही हातांनी माती लोटून भोवती अडवलं, असं सांगितल्यावर मंगळदादा जेवायचे थांबले.

"बांद घातलान?"

"हो. मातीचा, वाळूचा."

"वालूचा बांद टिकत नाय."

"हा टिकला, दादा."

"मंग बरोबर केलंन. पानी आयलं की पयला बांद. आमचं उलटं, आमी खारं पानी भायेर ठेवायला बांद घालताव. पन काम तेच." आणि हिराबायकडे बघून म्हणाले, "बाईमानसानं घातला म्हनून टिकला. आमचा दर साली फुटतो." हिराबाय म्हणाली, "तुमी झोपा काडता म्हनून फुटतो."

माफी मागायचा विषय काढायला मला काही सुधरेना. ज्यांच्याशी कधी भांडलोच नाही त्यांच्याकडे कशाची माफी मागायची? म्हटलं, चहा पिताना बघू. उन्हानं आणि भाकऱ्यांनी डोळे जड झाले होते. पडवीत चटईवर आडवी झाले ती गाढ झोपले.

उठवलं ते हिराबायच्या सुनेनं, वनितानं, चहाचा कप पुढं करून. ती जेवणाच्या वेळी घरात नव्हती, टँकरच्या रांगेत उभी होती. टँकर आलाच नव्हता. मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, "आज चहा काय छान झालाय गं. नाहीतर तुमच्याकडचा चहा म्हणजे..."

"पानी तुमचंच हाय नं, बाय," वनिता हसली.

मी वळून पाहिलं. माझा कॅन धुवून, उपडा करून भिंतीला वाळत ठेवला होता.

काय झालं ते सांगायला नकोच. घरात शिरल्या शिरल्या तो कॅन मी माझ्या हातानं हंड्याशेजारी ठेवला होता, अकरा वर्षांच्या सवयीनं. वनिता रांगेतून रिकाम्या हातानं आली. बायचा कॅन म्हणजे पेणचं पाणी. हंड्यात ओतलं, वाडीतल्या पोरांना हाका मारल्या, एकेक पेला दिला, शेजारच्या आजारी म्हातारीला तांब्याभर पोचवलं, उरलेल्यातून सगळ्यांना चहा.

आणि मी, तीन दिवसांपूर्वी हज करून आलेली हाजन, त्या पोरीवर ओरडले. "काय हे? विचारायचं नाही? पाण्याशिवाय तुम्हा लोकांना दुसरं काही दिसतं की नाही?"

वनिता भिंतीला टेकली. हिराबाय आतून आली. मी तिला सांगितलं, की ते झमझम होतं, खालासाठी होतं, तिच्या शेवटच्या घोटासाठी होतं. हिराबायनं दोन्ही गालांना हात लावले.

"तीर्थ होतं? आनि आमी त्याची चाय केली?" मग अगदी हळू म्हणाली, "खरं बोललीस गो बाय. पान्याशिवाय आमाला दुसरं कायच दिसत नाय."

रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं हंडा तिरका केला. तळाशी होतं ते पाणी, त्यातलं निम्मं त्यांचं आदल्या दिवशीचं, तिनं लुगड्याच्या धुतलेल्या तुकड्यातून गाळून एका बाटलीत भरलं. जेमतेम अर्धी बाटली. मी ती पिशवीत टाकली आणि बस पकडली. कॅन तिथंच राहिला. ज्या कामासाठी गेले होते ते तर राहिलंच, वर नवीन करून ठेवलं.

खांब

नागोठणं मागं पडलं आणि खांब गावाच्या अलीकडे बोनेटमधून वाफा यायला लागल्या. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली आणि मागं वळून विचारलं, "पाणी आहे का कोणाकडं? रेडिएटर तापलाय."

मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. दोन-तीन जणांनी बाटल्या पुढं केल्या, त्यानं काय होतंय. शेवटी रस्त्याकडेच्या घरातली एक शेतकरीण कळशी घेऊन आली. अंगणात तिचे वाल सुकत होते, त्यातले दाणे पायाला चिकटलेले. तिनं कळशी ड्रायव्हरला दिली, परत गेली, दुसरी आणली आणि खिडक्यांशी येऊन एकेकाला विचारायला लागली. माझ्यापाशी आली. माझे ओठ सुकले असावेत. पिशवीतून डोकावणारी बाटली बघून म्हणाली, "पानी असून पीत नाय व्हय?"

मी म्हटलं, "ते दुसऱ्याचं आहे."

"मंग ह्ये घ्या," म्हणाली आणि ओंजळीत ओतलं.

थंड होतं, गोड होतं. ती कोण, मी कोण. गाडी सुटली तेव्हा तिला धड दोन शब्दही बोलले नव्हते. कोलाडपर्यंत मी एकच ठरवत होते, खालाला खरं सांगायचं की नाही. अर्धं पाणी झमझम आहेच की. आमच्यात कितीतरी लोक झमझम पुरवून वापरायला त्यात साधं पाणी मिसळतात, बरकत जात नाही म्हणतात. तिला काय कळणार? मरणाच्या दारातल्या बाईला कशाला दुःख द्यायचं? असं मी स्वतःला पटवत होते, आणि पटत नव्हतं.

रोहा

खाला आता नाही. त्यानंतर आठव्या दिवशी गेली, हिरव्या टाक्याच्या कफनात. शेवटच्या घोटाला तिच्या तोंडात जे पाणी पडलं ते झमझम नव्हतं. कसं, ते सांगते.

मी पोचले त्या संध्याकाळी ती झोपेत होती, उठवू नका म्हणून रजियानं सांगितलं. सकाळी तिनं डोळे उघडले, मला ओळखलं, गालावरून हात फिरवला. "हाजन झालीस," म्हणाली. मी कफन दाखवलं. तिनं कापड नाकाशी नेलं, डोळ्यांना लावलं. मग विचारलं, "पानी?"

बाटली माझ्या हातातच होती. झाकण उघडलं आणि माझ्यानं पुढं काही होईना. मी रडत रडत सगळं सांगितलं. कॅन कुठं ठेवला, कोण कोण प्यायलं, चहा झाला, बाटलीत किती मिसळलंय, सगळं. खाला डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली.

"तू त्या पोरीला काय बोललीस?" तिनं विचारलं.

मी पुटपुटले, "रागात बोलले."

"काय बोललीस ते सांग."

मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. खालानं तोंड भिंतीकडे फिरवलं. लहानपणी मी चुकले की ती मारत नसे, अशीच तोंड फिरवायची. साठीला आलेली बाई मी, पण तशीच मान खाली घातली.

तेवढ्यात रजियानं दारातून हाक मारली. "कोणी बाई आल्यात, धरमतरहून."

हिराबाय उंबऱ्यात उभी होती. लुगड्याचा पदर ओला, पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत भरलेले, आणि काखेला माझा कॅन. भरलेला. खारपट्टीत पाण्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. मला ते ठाऊक होतं, अकरा वर्षं पाहिलं होतं, पण ती एवढ्यासाठी रोह्याला येईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि आणलं काय, तर पाणी. कुंडलिका नदीकाठच्या गावात, घरात दोन-दोन नळ असताना.

"टँकर आजून नाय आयला," ती उभ्या उभ्याच सांगायला लागली, जणू उशिराची सबब देत होती. "बहिनीच्या गावाला गेलू, डोंगराकडं. तिच्या विहिरीचं हाय, गोडं हाय. पयल्या गाडीत गर्दीत झाकन उडालं, सगलं सांडलं. मंग उतरलू, परत भरून आनलं. तीर्थ नाय आमच्याकडं बाय. पन ह्ये चांगलं हाय."

म्हणजे ती पहाटेपासून धावत होती. मला तिच्याकडे बघवेना.

खालानं मान वळवली होती. "कोण आयली गो?"

"हिराबाय," मी म्हटलं. "तिनं पाणी आणलंय."

खालानं हात पुढं केला. मी बाटली उचलली तशी ती मानेनंच नाही म्हणाली. "ते नको. तिनं आनलंय ते दे."

रजियानं आणि मी तिला उठवून बसवलं. खाला म्हणाली, किब्ल्याकडे, काबेच्या दिशेला तोंड करा. आम्ही उशा फिरवल्या. हिराबायच्या कॅनमधलं पाणी पेल्यात ओतलं. दोन दिवस जिच्या घशाखाली काही उतरत नव्हतं त्या माझ्या खालानं बिस्मिल्ला म्हटलं आणि ते पाणी झमझम प्यावं तसं तीन दमांत प्यायली, एक थेंब न सांडता. त्यानंतरचे आठ दिवस ती त्याच कॅनमधलं पाणी मागत राहिली, दुसरं घेतलं नाही.

पेला खाली ठेवून तिनं हिराबायकडे पाहिलं. ती अजून उंबऱ्यातच उभी होती, आत यावं की नाही या विचारात.

"बस गो," खाला म्हणाली. "तू पानी पिलीस का?"

हिराबाय गोंधळली. "नाय. गडबडीत ऱ्हायलं."

 खालानं बाटलीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी उठले. बाटलीतलं सगळं पाणी पेल्यात ओतलं आणि हिराबायच्या हातात दिलं. तिनं पेल्याकडे बघितलं, तिला कळलं ते काय आहे, हात जरासा मागं गेला. मी तिचा हात पेल्याभोवती दाबून धरला आणि जे दीड महिना राहिलं होतं ते एकदाचं बोलायला लागले, "हिराबाय, मी काल बोलले, मला माफ..."

"पयलं पिऊ दे गो बाय," ती म्हणाली, आणि घटाघटा प्यायली.